नियंत्रण मिश्रण (प्रतिकृती विमाने)

नियंत्रण मिश्रण म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरमधील एका दांडीच्या हालचालीने दोन किंवा अधिक सर्व्हो मोटरी ठरावीक प्रमाणात हलविण्याची योजना. प्रचारात याला ‘मिक्सिंग’ किंवा नुसते ‘मिक्स’ म्हणतात. पूर्वी हे काम विमानातच सरकत्या पट्टीवर सर्व्हो बसवून केले जाई. आता ट्रान्समीटरमधील संगणक ते करतो.

==कार्यपद्धती==
मिश्रणात एक प्रमुख वाहिनी व एक अनुगामी वाहिनी असते. प्रमुख वाहिनीच्या मूल्याचा ठरवलेला टक्का अनुगामी वाहिनीत मिळविला जातो. टक्का ऋण असल्यास दिशा उलटते. फ्लायस्काय एफएस-आय६ या स्वस्त संचात अशी तीन मिश्रणे स्वतः रचता येतात. ओपनटीएक्स व एजटीएक्स या मुक्त प्रणालींत वक्ररेषा आणि स्विचच्या अटीही जोडता येतात. नवशिक्याने मात्र साध्या मिश्रणापासून आरंभ करणेच श्रेयस्कर.

==एलेव्हॉन==
शेपटी नसलेल्या विमानात नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर आणि विमान कुशीवर वळविणारा एलेरॉन ही दोन्ही कामे पंखामागील एकाच जोडीला करावी लागतात. भारतीय ‘तेजस’ विमानातही अशीच जोडी आहे. एका बाजूस दोन्ही मूल्यांची बेरीज, तर दुसऱ्या बाजूस वजाबाकी पोचते.

बहुतेक घोटाळा या बेरजेत होतो. समजा, एलेव्हेटरला ७० व एलेरॉनला ५० टक्के दिले. दांडी पूर्ण मागे आणि पूर्ण उजवीकडे नेल्यास उजव्या पृष्ठाची बेरीज १२० होते. पण मर्यादा १०० ची असल्याने ते तेथेच अडते. डावे पृष्ठ २० वर राहते. परिणामी दोन्ही नियंत्रणे अपेक्षेपेक्षा दुबळी पडतात, आणि तीही नेमकी तीव्र वळणात. ६० व ४० असे प्रमाण ठेवल्यास ही अडचण येत नाही.

==इतर मिश्रणे==
वळताना खाली झुकणारा एलेरॉन अधिक रोध निर्माण करतो व नाक उलट दिशेस ओढले जाते. म्हणून एलेरॉनसोबत थोडा रडर मिसळतात. व्ही आकाराच्या शेपटीत एलेव्हेटर व रडर एकत्र येतात. दोन्ही एलेरॉन एकाच वेळी खाली झुकवून त्यांचा फ्लॅपसारखा उपयोग केल्यास विमान कमी वेगाने उतरविता येते.

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या खामगाव-मलकापूर पट्ट्यात या शेवटच्या मिश्रणाचे मोल विशेष आहे. पिके निघाल्यावर शेते मोकळी होतात खरी, परंतु भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर वेगाने उतरलेल्या विमानाची चाके टिकत नाहीत. फ्लॅप उघडताच अनेक विमानांचे नाक वर उचलले जाते, काहींचे खाली जाते. ते सावरण्यासाठी एलेव्हेटरचे किंचित मिश्रण लागते. त्याचे प्रमाण पुरेशा उंचीवर तपासून मगच ठरवावे.

==तपासणी==
प्रोपेलर काढून, विमानाच्या मागे उभे राहून तपासणी करतात. दांडी मागे ओढल्यास दोन्ही एलेव्हॉन वर गेले पाहिजेत. उजवीकडे नेल्यास उजवा वर व डावा खाली. सर्व्होची दिशा आधी, मिश्रणाची चिन्हे नंतर, हा क्रम पाळावा. सर्व्हो उलटा फिरत असताना मिश्रणाचे चिन्ह बदलून वेळ मारून नेली, की पुढे जोडलेले प्रत्येक मिश्रण उलटे वागू लागते. शेवटी ट्रान्समीटर बंद करून संदेश तुटल्यावर मोटर थांबते का, हे पाहावे.