टायरची तुलना : पकड, आवाज आणि ओला रस्ता

वेगवान मोटारींच्या टायरची तुलना करताना रस्त्यावरील पकड, धावतानाचा आवाज आणि पावसातील ताबा हे तीन गुण प्रामुख्याने पाहिले जातात. हे तिन्ही एकत्र साधणे अवघड असते. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. नक्षीतील रुंद खाचा पाणी बाहेर टाकतात. मात्र त्यामुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी होते आणि आवाजही वाढू शकतो.

युरोपीय संघात नोव्हेंबर 2012 पासून टायरवर लेबल बंधनकारक आहे. मे 2021 मध्ये लागू झालेल्या सुधारित लेबलवर ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी 'ए' ते 'ई' अशा श्रेणी आहेत. हे लेबल वाचताना सावधगिरी हवी. ही श्रेणी नव्या टायरच्या, सरळ रेषेत ब्रेक लावून घेतलेल्या चाचणीवर ठरते. वळणावरील ताबा किंवा साचलेल्या पाण्यावर टायर तरंगण्याचा धोका तीत मोजला जात नाही. डेसिबलमधील आकडाही वाहनाबाहेरील आवाजाचा असतो; आत बसलेल्याला काय ऐकू येईल, हे त्यावरून कळत नाही.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2022 मध्ये मोटारी, बस आणि मालमोटारींच्या टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड व आवाज यांची मानके अधिसूचित केली. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की मोटारीचा टायर बदलावा लागतो. पाणी बाहेर टाकण्याची क्षमता मात्र त्याआधीच बरीच घटलेली असते. त्यामुळे कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात ही मर्यादा गाठेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते.