मोजले गेलेले मोजू लागतात

आपले विद्यार्थी पाहणी करतात, आकडे जमवतात आणि तक्ते परिशिष्टात ढकलून देतात. तक्ता मुका असतो, अशी त्यांची समजूत असते. पण तक्ता बोलतो. ज्याच्या हाती असेल त्याच्या बाजूने बोलतो.

१८९६ साली अमेरिकेत फ्रेडरिक हॉफमन या विमाक्षेत्रातील संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूचे तक्ते मांडले आणि काळी माणसे वंशानेच दुर्बळ आहेत, असा निवाडा दिला. दारिद्र्य आणि कोंदट वस्त्या निर्दोष सुटल्या! डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९७ साली या पुस्तकाची परखड झडती घेतली. आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी सुमारे ६० तक्ते शाई व जलरंगांनी हाताने काढवून घेतले. त्यातला एक पाहा. १७९० ते १८७० या काळातील गुलामांचा काळाकभिन्न डोंगर. त्यावर स्वतंत्र माणसांची हिरवी बारीक पट्टी. १८६० सालीही स्वतंत्र फक्त ११ टक्के. मग डोंगराचा कडा तुटतो आणि १८७० ला हिरवा रंग थेट तळाला भिडतो. गुलामी संपली, हे वाचावे लागत नाही, दिसते.

दुसरा तक्ता १८९० मधील जॉर्जियाचा. १०,००० वर वस्तीच्या शहरांत ७८,१३९ काळी माणसे, खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. खेड्यांची रेघ कागदात मावेना, म्हणून तिला वेटोळे घातले. नजर त्या वेटोळ्यात फिरत राहते आणि शेतावर राबणारा समाज केवढा मोठा आहे, हे उमगते.

परंतु आकड्यांनी माणुसकी जागी होते, या भ्रमात ड्यू बॉइस राहिले नव्हते. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या काळ्या मजुराला जमावाने जिवंत जाळले. त्याच्या बोटांची हाडे दुकानात मांडल्याचे कळताच, वृत्तपत्राला संयत निवेदन द्यायला निघालेले ड्यू बॉइस अर्ध्या वाटेवरून परतले. अलिप्त शास्त्रज्ञ होऊन जगणे यापुढे शक्य नाही, हे त्यांना कळून चुकले. तरीही पुढल्या वर्षी ते तक्ते घेऊन पॅरिसला गेले. तक्ता हा लढ्याचा पर्याय नव्हे. ते लढ्याचे हत्यार आहे.

१९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघांनाही पुराव्याची किंमत ठाऊक होती.

आपल्या वस्तीची पाहणी करताना एवढे ध्यानात ठेवू या: एका तक्त्यात एकच गोष्ट सांगावी, टक्केवारीशेजारी माणसांची संख्या लिहावी, आणि तक्ता परिशिष्टात नव्हे, दर्शनी भिंतीवर लावावा. शतकानुशतके आपण इतरांच्या वहीत आकडे होतो. आता वही आपल्या हाती आहे.