चाखून न पाहता

मे 1956. रमजान संपत आलाय. तुम्ही ट्युनिशियातल्या कैरुआनमध्ये, जुन्या तटबंदीच्या आतल्या एका घराच्या अंगणात येऊन पोहोचला आहात. फ्रेंचांपासून देश 20 मार्चला सुटला. येणारी ईद स्वातंत्र्यातली पहिली. घरोघरी मकरूदची, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या तळलेल्या मिठाईची, तयारी चालली आहे.

चपला दाराशी काढा, हात धुवा आणि आजींच्या शेजारी चटईवर बसा. परातीतला जाडसर रवा त्यांनी कालच मीठ आणि चिमूटभर केशर घालून ऑलिव्हच्या कोमट तेलात चोळून ठेवलाय. रात्रभर मुरलाय तो. मूठभर घेऊन दाबा. मुटका वळतोय? मग मोहन बरोबर पडलंय. करंज्या करणाऱ्या हाताला हे वेगळं सांगायला नको.

आता कोमट पाण्याचा हबका. तुमचे तळवे सवयीने रवा रगडायला लागतात आणि आजी मनगट धरतात. "मळू नकोस. नुसता गोळा कर." किती खरं आहे ते! मळलं की गव्हाचा चिकटपणा जागा होतो आणि मकरूद खुसखुशीत न होता चिवट होतो. बोटांच्या टोकांनी रवा हलकेच एकत्र आणा. कडा थोड्या भेगाळल्या तरी चालतील.

खजूर दक्षिणेकडून, जेरिदच्या मरूद्यानांतून आलाय. बिया काढून तो कुटलाय. त्यात दालचिनी आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड. तेलाचा हात लावून बोटाएवढ्या जाडीच्या लांब वळ्या करा. वास असा सुटतो की बोट चाटावंसं वाटतं. थांबा. इथे सगळ्यांचा रोजा आहे. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या आजी हे सगळं गोडधोड न चाखता, केवळ नाकाच्या आणि बोटांच्या भरवशावर करताहेत. मला या पदार्थातलं सगळ्यात थोर वाटतं ते हेच.

रव्याच्या लांबट गोळ्यात चर पाडा, खजुराची वळी आत निजवा, कडा मिटवा. वरून नक्षीचा लाकडी ठसा दाबा, मग सुरीने तिरके काप. शंकरपाळ्याचाच आकार! मकरूद हे नावही या कापण्यावरूनच पडलंय.

कढई तापली. एका वेळी थोडेच सोडा, गर्दी झाली की ते फुटतात आणि खजूर तेलात जळतो. बदामी रंग आला की झाऱ्याने काढून थेट मध-साखरेच्या पाकात. पाकात लिंबू आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी आहे. तापलेला रवा पाक पितो, तेव्हा बारीक चुर्र आवाज येतो, कान द्या.

उन्हं भिंतीवर चढतात. थोरल्या मशिदीच्या चौकोनी मिनारावरून मगरिबची बांग येते. आजी आधी पाणी पितात, मग ताटातला एक मकरूद मोडून अर्धा तुमच्या हातावर ठेवतात.

घरी करायला बसाल तेव्हा रवा रात्रभर मुरू द्या. आणि कितीही हात शिवशिवले तरी मळू नका.