कृत्रिम दातांची निगा

दातावरील टोपी अर्थात कॅप, शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला ब्रिज आणि जबड्याच्या हाडात रोवलेले इम्प्लांट यांना स्वतःला कीड लागत नाही. ती लागते टोपीच्या कडेखालील मूळ दाताला. म्हणून हिरडीलगतची कड दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासावी. ब्रिजखाली साधा ब्रश पोहोचत नाही. तेथे फटीत जाणारा बारीक ब्रश किंवा दंतदोरा लागतो. इम्प्लांटभोवतीचे हाड बहुधा न दुखताच झिजते, त्यामुळे हिरडीतून येणारे रक्त क्षुल्लक मानू नये. तंबाखू भाजून केलेल्या मशेरीने दात स्वच्छ होतात, हा ग्रामीण महाराष्ट्रातील समज घातक आहे. तिने हिरडी व हाड दोन्ही दुबळी होतात. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी (ता. राहाता) येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे.