गंधाचें जाळें

दिव्यावर झडप घालणारा पतंग हा कवींचा फार जुना दृष्टांत आहे. प्रेमासाठीं जळून जाणारा जीव म्हणून त्याचें कौतुक झालें आणि अविवेकाचें उदाहरण म्हणून त्याची निंदाहि झाली. कीटकशास्त्र मात्र असें सांगतें कीं, पतंगाच्या आयुष्यांतील खरें आकर्षण दिव्याचें नसून गंधाचें आहे. अंधाऱ्या रात्रीं दूर बसलेल्या मादीकडे नराला नेणारी वाट डोळ्यांना दिसत नाहीं. ती वाऱ्यावरून येते. हा गंध मनुष्यानें ओळखला, प्रयोगशाळेंत बनविला आणि अखेरीस मलमासारख्या जेलमध्यें कोंडून कपाशीच्या झाडावर ठेवला. या उद्योगाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्याचा एक महत्त्वाचा आरंभ भारतांत झाला, आणि त्याची कठीण कसोटी नागपूरच्या भोंवतालच्या शेतांत लागली. गंध ओळखणें कष्टाचें होतें, परंतु तेवढ्यानें भागलें नाहीं. तो धरून ठेवणें आणि तो वापरण्यासाठीं माणसांना एकत्र आणणें, हीं कामें त्याहून अवघड ठरलीं.

बिहारमधील पुसा येथें १९०५ सालीं सरकारी शेतकी संशोधनसंस्था स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलली, तरी तेथेंहि तिच्याबरोबर पुसा हें नांव गेलें. या संस्थेंत फ्रँक मिलबर्न हॉवलेट या नांवाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या एका शेजाऱ्यानें डांसांना दूर ठेवण्यासाठीं रुमालावर सिट्रोनेला तेल शिंपडलें. हें तेल गवती चहाच्या जातीच्या एका गवतापासून काढतात. त्या रुमालावर माशा येऊन बसूं लागल्या. हॉवलेट यांनीं त्या तपासल्या, तों त्या आंबा, पेरू इत्यादि फळें नासविणाऱ्या फळमाशा निघाल्या; आणि सगळे नरच. १९१२ सालीं त्यांनीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि १९१५ सालीं त्या तेलांतील मिथाइल युजेनॉल या द्रव्याकडे बोट दाखविलें. हेंच द्रव्य अंगणांतील तुळशींतहि असतें. कुसकरलेल्या तुळशीच्या पानांभोंवतीं फळमाशांचे नर घोंटाळतात तें यामुळेंच. एका सामान्य गैरसोयीकडे शास्त्रज्ञानें लक्ष दिलें, आणि कीटकाला विषानें मारण्याऐवजीं वासानें बोलावतां येतें हें सिद्ध झालें.

तत्पूर्वीं फ्रान्समध्यें झाँ हान्री फाब्र यांनीं असेंच एक नवल पाहिलें होतें. त्यांच्या घरीं एका सकाळीं मोठ्या जातीच्या पतंगाची मादी कोशांतून बाहेर पडली. त्यांनीं ती जाळीच्या झांकणाखालीं ठेवली; त्याच रात्रीं तिच्यासाठीं सुमारें चाळीस नर घरांत शिरले. पुढें दुसऱ्या एका जातीच्या मादीला त्यांनीं कांचेच्या घुमटाखालीं ठेवलें, आणि ज्या डहाळीवर ती पूर्वीं बसली होती ती डहाळी निराळी बाजूला ठेवली. नर आले ते समोर दिसणाऱ्या मादीला ओलांडून त्या रिकाम्या डहाळीवर गेले. त्यांनीं डोळ्यांपेक्षां गंधाची साक्ष अधिक मानली.

हा गंध म्हणजे नेमकें कोणतें द्रव्य, हें कळावयास पुढें अर्धें शतक जावें लागलें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनीं सुमारें पांच लाख रेशीमपतंगांच्या माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या. वर्षानुवर्षांच्या शुद्धीकरणानंतर हातीं आलें तें अवघें कांहीं मिलिग्रॅम द्रव्य. १९५९ सालीं त्यांनीं त्याची रचना जाहीर केली, आणि त्याच वर्षीं अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हें नांव मिळालें. मराठींत मीलनासाठीं सोडल्या जाणाऱ्या या वासाला ‘कामगंध’ असा समर्पक शब्द रूढ झाला.

आतां या इतिहासाचा प्रवाह कपाशीकडे वळतो. १८६७ सालीं आगगाडी नागपूरला पोहोंचली. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथें सुरू झाली. हिंगणघाटच्या कापसाची कीर्ति तर त्याहून जुनी. या प्रदेशांत लग्नाची तारीख, सावकाराचा हप्ता आणि मुलांचें शिक्षण हीं सारीं कापसाच्या वेचणीवर अवलंबून राहत आलीं. १९७६ सालीं केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला स्थापन झाली, ती या भूमीचा हा स्वभाव ओळखूनच.

या पिकाचा शत्रूहि मूळचा परदेशांतून आलेला नव्हे. १८४३ सालीं साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें गुलाबी, म्हणजेच शेंदरी बोंडअळीचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें. त्यासाठीं वापरलेले नमुने भडोचहून गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकीबरोबर ही अळी इजिप्तला गेली आणि १९१७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत तिचा शोध लागला. सरकी हेंच तिचें वाहन आणि तेंच तिचें विश्रांतिस्थान. दोन सरक्या जोडून त्यांच्या आंत ती महिनोन् महिने निजून राहूं शकते.

हिच्यावर विष चालत नाहीं असें नाहीं; विष तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. अंड्यांतून निघालेली सूक्ष्म अळी लवकरच फुलांत किंवा हिरव्या बोंडांत शिरते, आणि तिच्या मागें तें छिद्र बुजून जातें. फुलांत शिरली तर पाकळ्या उमलत नाहींत. विदर्भांतील शेतकरी त्या मिटलेल्या फुलाला डोमकळी म्हणतो. बोंडांत शिरली तर बाहेरून बोंड हिरवेंगार दिसतें, आणि फुटतें तेव्हां आंत डागाळलेला, घट्ट झालेला कवडी कापूस निघतो. फवारणी होते ती पानांवर. चोर असतो तो घरांत. म्हणून अळी होण्यापूर्वीं, पतंगांच्या मीलनाच्या वेळींच तिला अडविणें हा शहाणपणाचा मार्ग होय.

त्यासाठीं तिचा कामगंध हवा होता. १९६६ सालीं एक संयुग ‘हेंच तें’ म्हणून पुढें आलें, परंतु शेतांत नर त्याकडे फिरकले नाहींत. १९७३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं उलगडा केला कीं, हा गंध एका द्रव्याचा नसून दोन जुळ्या संयुगांच्या समसमान मिश्रणाचा आहे. त्या मिश्रणाला गॉसिप्लूर असें नांव पडलें. १९७८ सालीं अमेरिकेच्या सरकारनें कीटकांच्या मीलनांत व्यत्यय आणण्यासाठीं त्याच्या वापरास मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेला हा तेथील पहिला कामगंध होता.

कुलूप उघडलें, पण किल्ली हातांत राहीना. जो वास दूरवर जावा तो लवकर उडावाच लागतो. आणि जो लवकर उडतो तो शेतांत टिकत नाहीं. विदर्भाच्या उन्हांत हा विरोध अधिकच तीव्र होतो. ऊन त्या नाजूक रेणूंना मोडतें, हवेंतील प्राणवायु त्यांना बिघडवितो, आणि पाऊस उरलेलें धुऊन नेतो. कनोजच्या अत्तरवाल्यांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला होता. गुलाबाचा चंचल वास ते चंदनाच्या तेलांत मुरवीत, आणि चंदन तो हळूहळू सोडी. शास्त्रज्ञांनाहि असेंच एक चंदन शोधावें लागलें. कोणी पोकळ तंतूंत गंध भरला, कोणी रबराच्या बुचांत मुरविला, कोणी मेणांत कालविला. सापळ्यांत टांगावयाची रबरी गोळी सर्वत्र रूढ झाली. परंतु कांहीं आठवड्यांनीं ती बदलावी लागते, आणि ती बदलण्याचें विसरलें तर सापळा नुसता शोभेचा राहतो.

जेलची कल्पना येथें उपयोगी पडली. घट्ट लागलेल्या दह्यांत पाणी भरपूर असतें, पण तें सांडत नाहीं. कारण दुधांतील प्रथिनांचें अतिसूक्ष्म जाळें त्याला धरून ठेवतें. जेलचें रहस्य तेंच. २०१३ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील व तेथील शेतकी कीटक संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं मिथाइल युजेनॉलचेंच जेल बनविल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांतील तंतूंचें जाळें इतकें बारीक होतें कीं, वास फार मंदगतीनें सुटे. शीतपेटीवांचून तें नेतां-आणतां येई आणि बागेंत गंध वरचेवर भरावा लागत नसे. पेरूच्या बागेंत त्यानें फळमाशीला आळा घातला. पुशाच्या रुमालावरून शतकापूर्वीं उडून गेलेला वास अशा रीतीनें भारतांतच जाळ्यांत सांपडला. पुढें कपाशीसाठींहि बोंडअळीच्या कामगंधाचें मलमासारखें जेल तयार झालें. त्याचा लहानसा ठिपका झाडाच्या शेंड्याजवळ लावावयाचा, एवढीच कृति.

या गंधाचे उपयोग दोन, आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला सापळ्याचा. हेक्टरी पांच सापळे लावून रोज सकाळीं अडकलेले नर मोजावयाचे. सलग तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ आठ पतंग आले तर धोक्याची पातळी आली असें समजावयाचें. येथें सापळा हा शिपाई नसून पहारेकरी आहे. दुसरा उपयोग फसवणुकीचा. शेतांत शेंकडों ठिकाणीं जेल लावलें कीं साऱ्या हवेंत मादीचाच वास भरतो. नर एका ठिपक्यावरून दुसऱ्याकडे भटकतो, खरी मादी त्याला सांपडत नाहीं, आणि फलन न झालेल्या अंड्यांतून अळी निघत नाहीं. यांत विष फवारलें जात नाहीं, मधमाशी मरत नाहीं, आणि मजुराच्या अंगावर थेंब उडत नाहीं.

मजुराच्या अंगावरील त्या थेंबाचें मोल विदर्भाला फार भयंकर रीतीनें कळलें. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि २००६ सालीं दोन जनुकांचें बियाणें आलें. कांहीं वर्षें बोंडअळी जवळजवळ विसरली गेली. परंतु ही अळी बहुतेक कपाशीवरच जगते. सर्वत्र एकच बियाणें आणि लांबत जाणारा हंगाम मिळाल्यावर तिच्यांत प्रतिकारशक्ति निपजली. २०१० सालीं गुजरातेंत पहिल्या बीटीला ती दाद देत नसल्याचें जाहीर झालें. पुढें दुसऱ्या पिढीच्या बियाण्याचीहि तीच गत झाली. २०१७ सालीं विदर्भांत तिनें हाहाकार उडविला. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत गेले. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशींत, अंगभर संरक्षक कपडे नसतांना, विषाची फवारणी करणें म्हणजे काय याचें तें भीषण उत्तर होतें.

तरीहि कामगंधाला रामबाण म्हणणें ही दुसरी फसवणूक होईल. पतंगांची संख्या फार वाढली म्हणजे नराला गंधाचा माग काढण्याची गरजच उरत नाहीं; जेथें तेथें मादी भेटते. म्हणून जेल लावावयाचें तें पीक पात्यावर येतांना, शत्रु थोडा असतांना. दुसरें म्हणजे, शेजारच्या शेतांत फलन झालेली मादी बांध ओलांडून येते, आणि तिला या जेलची बाधा नसते. एकट्या शेतकऱ्यानें दोन एकरांत लावलेला गंध म्हणजे पुरांत एकट्यानें आपल्या दारापुढें घातलेला बांध. सबंध शिवारानें एकाच आठवड्यांत तें काम करावें लागतें. शिवाय हंगाम संपतांच पऱ्हाटी उपटून नष्ट करणें, फरदड न घेणें आणि जिनिंगमधील सरकीवर नजर ठेवणें हीं कामें कोणत्याहि जेलनें टळत नाहींत. कर्जांत बुडालेल्या माणसाला फरदडीचा शेवटचा क्विंटल सोड म्हणून सांगणें सोपें नाहीं. त्या सल्ल्याची किंमत तोच एकटा मोजतो, आणि लाभ साऱ्या गांवाला होतो. खरी अडचण येथें आहे.

ही अडचण ओलांडतां येते याचा पुरावाहि इतिहासांत आहे. ज्या अमेरिकेंत १९१७ सालीं ही अळी पोहोंचली, तेथील सरकारनें २०१८ सालीं तिचें निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें. बीटी कपाशी, वंध्य केलेले पतंग, कामगंध आणि वेळेवर शेत मोकळें करण्याचा नियम, या चारांची तेथें सांगड घातली गेली. मात्र तेथील मोठीं शेतें, शिस्तीनें पाळलेलें वेळापत्रक आणि सामायिक खर्च हेंहि त्या यशाचे भागीदार होते. विदर्भांतील शेतें त्या मानानें लहान आहेत. तेव्हां तेथील यंत्रणा जशीच्या तशी उचलून चालणार नाहीं. तिच्यामागील सहकार मात्र उचलावा लागेल.

कापूस वापरणाऱ्या शहरी घरालाहि या इतिहासांत जागा आहे. धोतर, लुगडें, गादी, जखमेवरील पट्टी यांच्यामागें कोणाचा तरी श्वास खर्ची पडलेला असतो. विषानें मिळविलेलें पीक आणि युक्तीनें राखलेलें पीक यांचें कापड बाजारांत सारखेंच दिसतें. फरक पडतो तो फवारणी करणाऱ्याच्या घरांत. हॉवलेट यांनीं एका रुमालाकडे लक्ष दिलें, त्याचें फळ शंभर वर्षांनीं झाडावरील एका ठिपक्यांत दिसलें. शास्त्रानें गंधाला जाळ्यांत धरलें आहे. आतां उरलें आहे तें एका शिवारांतील माणसांनीं एकमेकांना धरून राहणें. तें जाळें प्रयोगशाळेंत विणलें जात नाहीं.