नास्तिक कोण? पालि वाङ्मयातील परलोकचर्चेचा एक परामर्श

बौद्ध धम्म नास्तिक आहे काय, असा प्रश्न आपल्या उपासकांना वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ईश्वर असतो. उत्तर देणाराही ईश्वर डोळ्यांसमोर ठेवूनच 'होय' म्हणतो. परंतु तोच उपासक विहारात सुत्तपठण ऐकतो तेव्हा देव, देवलोक, सुगती, दुग्गती हे शब्द त्याच्या कानी पडतात आणि तो संभ्रमात सापडतो. कोणी त्याला सांगतो, हा सारा भाग मागाहून घुसडलेला आहे. कोणी सांगतो, तिपिटकात आहे म्हणून तो अक्षरशः मानला पाहिजे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्राचीन भारतात 'नास्तिक' या शब्दाने नेमके काय नाकारले जात होते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाची उकल होणार नाही.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत (४.४.६०) आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकाच सूत्राने सिद्ध केले आहेत. त्या सूत्रावर काशिका वृत्तीने केलेले विवरण महत्त्वाचे आहे. परलोक आहे असे ज्याचे मत तो आस्तिक, आणि त्याच्या उलट मताचा तो नास्तिक. ईश्वराचा येथे उल्लेखही नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र नास्तिक म्हणजे वेदनिंदक असा निराळाच अर्थ येतो आणि तर्कशास्त्राच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्या द्विजावर बहिष्कार घालावा, अशी आज्ञाही त्यासोबत येते. या दुसऱ्या अर्थाने पुढे चमत्कारिक स्थिती निर्माण केली. मीमांसकांना सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नाही; कुमारिल भट्टाने त्याचे खंडन केले आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेलाही ईश्वराची गरज भासत नाही. तरी ही दर्शने आस्तिक ठरली आणि तथागत नास्तिक ठरले. रामायणाच्या प्रचलित पाठात जाबालीच्या प्रसंगी तथागतांना चोराच्या पंक्तीला बसवून नास्तिक म्हटले आहे. तो श्लोक उत्तरकालीन भर असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात, परंतु ज्याने ती भर घातली त्याच्या मनात कोणता अर्थ होता हे सांगावयास नको.

पालि वाङ्मयात हा शब्द 'नत्थिकवाद' या रूपाने येतो आणि त्याचा अर्थ पाणिनीच्या अर्थाला जवळचा आहे. त्याचा प्रमुख प्रवक्ता अजित केसकंबल. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तानुसार त्याचे मत असे : दान, यज्ञ, हवन यांना फळ नाही, सत्कृत्य आणि दुष्कृत्य यांचा विपाक नाही, मनुष्य चार महाभूतांचा बनलेला आहे, मृत्यूनंतर पृथ्वी पृथ्वीत, जल जलात, तेज तेजात, वायू वायूत मिळतो, तिरडी वाहणारे स्मशानापर्यंत गुण गातात, पुढे पांढुरकी हाडे उरतात, दानाचा उपदेश हा मूर्खांचा उपदेश होय. अजिताचा स्वतःचा ग्रंथ उरलेला नाही. त्याचे म्हणणे आपण त्याच्या विरोधकांच्या तोंडून ऐकतो, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

तथागतांनी अजिताला विरोध केला. परंतु त्यांनी ईश्वरवाद्यांचा पक्षही घेतला नाही. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन मतांचा त्यांनी एकत्रच निषेध केला आहे : सर्व सुखदुःख पूर्वकृत कर्मामुळे आहे, सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे आहे, आणि सर्व कारणावाचून आहे. तिन्ही मते मान्य केली तर हत्या करणारा हत्येला जबाबदार राहत नाही आणि प्रयत्नाला अर्थ उरत नाही, हा त्यांचा आक्षेप. यातील पहिल्या मताचा निषेध वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे वळावयाचे आहे. ब्रह्मदेवाची तर निकायांत थट्टाच आहे. केवट्टसुत्तात एक भिक्खू महाब्रह्माला प्रश्न विचारतो, तेव्हा तो आधी आपली बिरुदे सांगत राहतो आणि मग भिक्खूला हाताला धरून बाजूला नेतो व आपल्याला उत्तर ठाऊक नसल्याचे कबूल करतो.

परलोकाविषयीची सर्वांत रंगलेली चर्चा दीघनिकायाच्या महावग्गातील शेवटच्या सुत्तात, पायासीसुत्तात आहे. पायासी हा राजन्य. कोसलराज पसेनदीने दिलेल्या सेतव्या नगरीत तो राहत असे. परलोक नाही, सुकृतदुष्कृतांचे फळ नाही, असे त्याचे उघड मत होते. नगराबाहेरील सिंसपावनात कुमार कस्सप आल्याचे कळताच तो वादासाठी गेला.

त्याची पद्धती पाहण्यासारखी आहे. तो ग्रंथप्रामाण्य पुढे करत नाही, अनुभव मागतो. आपले दुराचारी आप्त मरणाला टेकले असता, निरयात गेलात तर येऊन मला सांगा, असे तो त्यांना म्हणाला होता. कोणी आले नाही. सदाचारी आप्तांनाही त्याने तसेच सांगितले. तेही आले नाहीत. कस्सप उत्तरे दृष्टान्तांनी देतो. वधस्थळी नेलेल्या चोराला नातेवाइकांचा निरोप घेण्यासाठी मारेकरी सोडतील काय? मलकूपातून बाहेर काढून न्हाऊमाखू घातलेला मनुष्य पुन्हा त्यात उतरेल काय? तावतिंस देवांचे एक अहोरात्र म्हणजे मनुष्याची शंभर वर्षे, दोनतीन दिवसांनी सांगू असे ते म्हणाले तरी पायासी जिवंत असणार नाही! यावर पायासी चटकन विचारतो की, तावतिंस देव आहेत आणि ते इतके दीर्घायुषी आहेत, हे तुम्हांला कोणी सांगितले? प्रश्न बिनतोड आहे. रंग नाहीत म्हणणाऱ्या जन्मांधाचा दृष्टान्त कस्सप त्यावर देतो. पण आजच्या वाचकाला तो पुरेसा वाटणार नाही आणि प्रस्तुत लेखकालाही वाटत नाही. संगीतिकारांनी मात्र पायासीचा हा प्रश्न गाळला नाही, ही गोष्ट मोलाची आहे.

यानंतर पायासी आपले प्रयोग सांगतो. देहदंड झालेल्या चोराला जिवंतपणी रांजणात घालून तोंड चामड्याने व ओल्या मातीने बंद केले, खाली जाळ लावला, मग तोंड हळूच उघडून जीव बाहेर पडताना दिसतो काय ते पाहिले, दिसला नाही. दुसऱ्याला आधी तोलले, मग कातडी न फुटू देता गळा आवळून मारले व पुन्हा तोलले. तो अधिक जड भरला. आणखी एकाची त्वचा, मांस, स्नायू, हाडे, मज्जा छेदून जीव शोधला. तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांनी या प्रयोगांचे कौतुक केले आहे आणि ते काही अंशी योग्यही आहे. परंतु हे प्रयोग कोणाच्या शरीरावर झाले, हेही विसरता कामा नये.

जैन आगमातील रायपसेणिय ग्रंथात जवळजवळ हीच कथा आहे. तेथे राजा पएसी आणि केशी कुमारश्रमण वाद करतात. दोन्ही परंपरांनी एखादी लोकप्रिय कथा उचलून आपापल्या पद्धतीने मांडली असावी, असे दिसते. भेद उत्तरांत आहे. बंद लोखंडी कुंभीतून जीव कसा गेला, या प्रश्नावर केशी म्हणतो की, बंद घरात वाजवलेल्या नगाऱ्याचा आवाज छिद्रावाचून बाहेर येतो, तसाच आत्माही जातो. शरीराहून भिन्न आत्मा सिद्ध करणे हा जैन कथेचा हेतूच आहे. कस्सपाची भूमिका तितकी सरळ नाही. रांजणाच्या प्रश्नावर तो पायासीच्याच भाषेत 'जीव' शब्द वापरून स्वप्नाचे उदाहरण देतो. तोलण्याच्या प्रश्नावर मात्र त्याची भाषा बदलते. तापलेला लोखंडी गोळा थंड गोळ्यापेक्षा हलका व मऊ असतो, तसा हा देह आयु, उस्मा म्हणजे उष्णता, आणि विञ्ञाण यांनी युक्त असतो तेव्हा हलका असतो, असे तो म्हणतो. येथे जीव नाही. एकमेकांवर अवलंबून असलेले तीन प्रत्यय आहेत. ही त्रयी पुढे उपयोगी पडणार आहे.

वाद संपत आला तेव्हा पायासी एक प्रांजळ कबुली देतो. पसेनदी आणि बाहेरचे राजे मला याच मताचा म्हणून ओळखतात. आता मत सोडले तर ते हसतील. म्हणजे परलोक नाकारणारा राजपुरुष त्या काळी दरबारात उजळ माथ्याने वावरत होता. त्याच्यावर बहिष्कार पडला नव्हता. कस्सपाने त्याच्यापुढे दृष्टान्तांमागून दृष्टान्त मांडले, एवढेच. मनूच्या आज्ञेशेजारी हे चित्र ठेवून पाहावे.

कथेचा उत्तरार्ध सहसा दुर्लक्षित राहतो. मत बदललेला पायासी दान देऊ लागतो. पण काय देतो? कण्यांची आंबट पेज आणि जाडीभरडी वस्त्रे. दानाची व्यवस्था पाहणारा उत्तर नावाचा तरुण दान देताना म्हणू लागतो की, या दानाने पायासीशी माझी गाठ याच लोकी पडो, परलोकी न पडो. जाब विचारला तेव्हा त्याने स्पष्ट सांगितले की, जे अन्न आपण पायानेही शिवणार नाही ते आपण लोकांना देता. पुढे मृत्यूनंतर पायासीला ओसाड सेरिस्सक विमान मिळाले आणि आदराने, स्वहस्ते दान देणाऱ्या उत्तराला तावतिंस. ज्याने स्वर्ग वादात मान्य केला तो खाली राहिला आणि ज्याने दुसऱ्याच्या पानातील पेज पाहिली तो वर गेला. स्वर्गाची ही उतरंड कुळावर किंवा मंत्रावर उभी नाही. संयुत्तनिकायात असिबंधकपुत्त गामणीला तथागतांनी हेच विचारले होते : डोहात टाकलेला धोंडा लोकांनी हात जोडून प्रार्थना केल्याने वर येईल काय? मृताला मंत्राने स्वर्गी चढवणाऱ्या ब्राह्मणांविषयी तो प्रश्न होता.

परलोक नसेलच तर? निकायांनी या शक्यतेला वाट ठेवली आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागत सांगतात की, परलोक असेल तर निर्वैर चित्ताच्या माणसाचे तेथे भले होईल. नसेल तर तो येथेच निर्वैर व सुखी आहे. साला गावच्या ब्राह्मणांना सांगितलेल्या अपण्णकसुत्तातही तर्क असाच चालतो. मात्र त्याच सुत्तात परलोक आहे असेही विधान आहे आणि ते झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने स्वर्गाची भाषा शिलांवर कोरली. चौथ्या शिलालेखात विमाने, हत्ती, अग्निस्कंध अशी दिव्य दृश्ये लोकांना दाखवल्याचा उल्लेख आहे. लहान माणूसही पराक्रमाने विपुल स्वर्ग मिळवू शकतो, असे लघुशिलालेखात म्हटले आहे. निब्बाणाचा उच्चार मात्र त्याच्या लेखांत कोठेही नाही. बराबरच्या गुहा त्याने आजीविकांना दिल्या, ब्राह्मणांना आणि निग्गंठांनाही त्याला बोलावयाचे होते. सर्व पंथांना समजेल असा स्वर्ग हा शब्द त्याने घेतला असावा. आपल्याकडे सोपारा येथे आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे सापडला. नवव्या लेखात निरर्थक मंगलविधींपेक्षा दास व नोकर यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल असे सांगितले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील यवन इंद्राग्निदत्ताच्या लेखात तर स्वर्गाचे नावही नाही. त्याने आईवडिलांना उद्देशून, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी लेणे कोरवून संघाला दिले.

परलोकश्रद्धेची दुसरी बाजूही होती आणि आपल्या पूर्वजांनी तीच भोगली. छांदोग्य उपनिषदात (५.१०.७) दुराचरणी माणसाला कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते असे म्हटले आहे. चांडाळ कोणत्या रांगेत बसवला आहे ते पाहावे. गेल्या जन्मीचे पाप म्हणून या जन्मीची अस्पृश्यता, हे समीकरण तेथून फार दूर नाही. म्हणूनच १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धान्त कठोरपणे तपासला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, यापलीकडे त्याचा उपयोग दिसत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. या भूमिकेला पालि आधार नाही असे म्हणणाऱ्यांनी तिकनिपातातील वर सांगितलेला निषेध पाहावा. संयुत्तनिकायातील मोळियसीवकाचा संवादही पाहावा. तेथे वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतू, विषम वर्तन, आघात आणि शेवटी कर्मविपाक. आठांपैकी कर्म हे एक.

पुनर्जन्माविषयी बाबासाहेबांनी प्रश्नाचे दोन भाग केले : पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वे मृत्यूनंतर नष्ट होत नाहीत. ती आकाशातील समान तत्त्वांच्या संचयात मिळतात आणि पुन्हा एकत्र येऊन नवा जन्म होतो. हा पहिल्या भागाचा उलगडा. तोच माणूस, तोच आत्मा पुन्हा येतो असे मात्र ते मानत नाहीत. सामञ्ञफलसुत्त वाचलेल्याच्या ध्यानात येईल की ही चार तत्त्वे अजिताचीच आहेत. पृथ्वी पृथ्वीत मिळते, म्हणून सारे संपले, असे अजित म्हणाला. पृथ्वी पृथ्वीत मिळते, म्हणूनच संपले नाही, असे बाबासाहेब म्हणतात. देहातील उष्णतेचा प्रश्न आला तेथे त्यांनी महावेदल्लसुत्तातील सारिपुत्त आणि महाकोट्ठित यांच्या संवादाचा आधार घेतला. आयु, उस्मा, विञ्ञाण ही कस्सपाची त्रयी त्या संवादात आहे. निकायांतील देवलोक बाबासाहेबांनी आपल्या मांडणीत घेतले नाहीत, हे खरे आहे. ती निवड आहे. बुद्धवचन कोणते हे ओळखण्याच्या कसोट्या त्यांनी त्याच ग्रंथात दिल्या आहेत आणि ती निवड त्यांना धरूनच उघडपणे केली आहे. ग्रंथातून देवलोक पुसून टाकणे वेगळे आणि आपल्या धम्माचा पाया त्यांवर न ठेवणे वेगळे.

जाता जाता एका शब्दाविषयी. आपल्या निधनवार्तांतून 'स्वर्गवासी', 'कैलासवासी' ही विशेषणे गेली आणि 'कालकथित' हा शब्द आला. 'कथ्' धातूशी त्याचा काही संबंध नाही. तो पालीतील 'कालङ्कत' या शब्दावरून आला आहे. ज्याचा काळ झाला, जो मरण पावला, एवढाच त्याचा अर्थ. तो कोठे गेला याविषयी हा शब्द काही सांगत नाही. पायासीसुत्तात तोललेल्या त्या चोराचे वर्णन करताना पायासीच्या तोंडी हाच शब्द आला आहे.