बहात्तर सालची गोष्ट

मंडळी, ३४ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. आपला इतिहास सांगायचा म्हणजे आपला पराक्रम सांगायचा, अशी सवय त्यामुळे जिभेला लागली. म्हणूनच पवित्र शास्त्रातला नहेम्याचा नववा अध्याय वाचताना मी दर वेळी अडखळतो. तिथे अख्खं गाव उभं राहून आपला इतिहास सांगतं, आणि तो स्वतःविरुद्ध सांगतं.

इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोक धरून नेले. पुढे पारसाच्या राजांनी परतायची मुभा दिली. मंदिर पुन्हा बांधलं गेलं, पण तट पडलेलाच राहिला. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार नहेम्या शूशनहून आला आणि ५२ दिवसांत तट उभा राहिला.

एवढं काम झाल्यावर आपण काय केलं असतं? सत्कार आणि कोनशिला! त्यांनीही मंडपांचा सण आनंदानं पाळला. पण सण संपल्यावर, सातव्या महिन्याच्या २४ तारखेला, तीच माणसं उपाशीपोटी, गोणताट नेसून, अंगावर माती घालून जमली. दिवसाचा चौथा हिस्सा त्यांनी नियमशास्त्र ऐकलं आणि चौथा हिस्सा पापं कबूल केली.

मग लेव्यांनी प्रार्थना केली. ती प्रार्थना म्हणजे इतिहासाचा तासच आहे. अब्राहाम, मिसरातली गुलामी, दुभंगलेला समुद्र, रानातली ४० वर्षं. मान्ना मिळाला, अंगावरचे कपडे विरले नाहीत, पाय सुजले नाहीत. पण प्रत्येक उपकाराच्या मागे एक 'पण' येतो. तू दिलंस, पण आम्ही वासरू ओतलं. तरी तू सोडलं नाहीस. पुन्हा दिलंस, पुन्हा आम्ही पाठ फिरवली.

देवानं काय केलं एवढंच सांगितलं तर ते स्तोत्र होतं. त्याच्या शेजारी आपण काय केलं हे मांडलं, की मान खाली जाते. आणि ते लोक नुसते रडून घरी गेले नाहीत. लेखी करार झाला, ८४ जणांनी त्यावर शिक्के मारले. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याचं कलम त्यात होतं. त्यांच्यातल्याच श्रीमंतांनी पूर्वी गरीब भावांची शेतं गहाण घेतली होती, हे लक्षात घेतलं की त्या कलमाचं वजन कळतं.

आता माझा 'पण'. घरी सगळे जमले की मी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगतो. विहीर आटली, लाल मिलो खाल्ला, सुकडीवर दिवस काढले, तरी देवानं उपाशी ठेवलं नाही आणि मी बी.ए. झालो. नातवंडांना ही गोष्ट पाठ आहे.

एक वाक्य मी नेहमी गाळलं. त्या वर्षी धाकट्यानं शाळा सोडली आणि दुष्काळी कामावर खडी फोडली. माझी परीक्षेची फी त्या मजुरीतून गेली. देवानं मला ज्या हातांनी जेवू घातलं, ते त्याचे होते. पुढे मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून तो पैसे मागायला आला, तेव्हा मी घराच्या हप्त्यांचं कारण सांगितलं. हप्ते होते, हे खरं. पण बँकेत ठेवही होती. पोरीचं शिक्षण राहिलं. त्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मीही देवाचे आभार मानत राहिलो.

आज त्या पोरीचा मुलगा कॉलेजात आहे. त्याची फी मी भरावी असं मनात आहे, धाकट्यानं हो म्हटलं तर. नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

रविवारी सगळे जेवायला येताहेत. बहात्तरची गोष्ट पुन्हा सांगणार आहे. या वेळी त्याच्यासमोर, आणि पूर्ण.